नकळत दारू सोडवा

पुण्याहून नगरला जाताना, खरं तर महाराष्ट्रात कुठंही एसटीनं जाताना, भिंतीवर एक जाहिरात हमखास दिसते. मूळव्याध, मूतखडा आणि त्यांच्याच रांगेत 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा', खाली मोबाइल नंबर. ज्यानं कुणी ही ओळ पहिल्यांदा लिहिली त्याचं मला कौतुक वाटतं, कारण दारुड्याच्या घरातल्या बाईला नेमकं काय हवं असतं ते त्याला बरोब्बर कळलंय. तिला भांडण नको असतं, तमाशा नको असतो, शेजारीपाजारी कळायला नको असतं, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याशी त्या विषयावर बोलायची वेळच यायला नको असते. भाजीत पावडर टाकायची आणि महिन्याभरात माणूस सुतासारखा सरळ.

आमच्या वहिनीनंही ती पावडर मागवली होती. व्हीपीनं आली, पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं, फक्त हिरवी पानं छापलेली. काही झालं नाही ते नशीब. कारण डॉक्टर खरोखर लिहून देतात अशी एक गोळी आहे, डायसल्फिरम, तीही काही घरांमध्ये चोरून चहातून दिली जाते आणि ते प्रकरण भयंकर आहे. ती गोळी पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, आणि क्वचित माणूस जातोसुद्धा. म्हणून ती घेणाऱ्याला सगळं सांगून, त्याची तयारी असेल तरच आणि डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची असते. शेवटची गोळी घेतल्यानंतरही दोनेक आठवडे तिचा असर राहू शकतो हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.

पावडरीच्या आधी शपथा झाल्या होत्या. आईच्या गळ्याची, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, गणपतीसमोर. मग माळ. माळेची मी चेष्टा करणार नाही, कारण माळ घातल्यावर दारू कायमची सुटलेली माणसं आमच्याच गावात आहेत. पण त्यांच्याकडे नीट बघितलं तर लक्षात येतं की त्यांची उठबस बदलली, संध्याकाळी हरिपाठाला जायला लागली, चार माणसं 'माउली' म्हणून हाक मारायला लागली, म्हणजे ज्या वेळी पाय बारकडे वळायचे त्या वेळी जायला दुसरी जागा झाली. दादानं नुसतीच माळ घातली. संध्याकाळ होती तशीच राहिली, मग दोनतीन आठवड्यांत माळ खुंटीवर.

दादा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, ऑपरेटर. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, त्यामुळे तिकडे बुधवारची संध्याकाळ म्हणजे बाकीच्या जगाची शनिवारची. आधी फक्त बुधवार होता, मग ओव्हरटाइमचे पैसे आले की, मग पाहुणे आले की, मग रोज. घरात सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे 'पितो थोडी, पण कामाला एक दिवस खाडा नाही' या वाक्यावर तरंगत होते. ते वाक्य कधी फुटलं, तर सकाळी हात एवढे थरथरायला लागले की माप घ्यायचा व्हर्नियर धरता येईना. मापं चुकायला लागली, जॉब रिजेक्ट व्हायला लागले, सुपरवायझरनं बाजूला घेऊन सांगितलं. मग घाबरून त्यानं स्वतःच एका दिवसात सगळी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी घरात फिट आली.

हे जरा थांबून सांगते, कारण घराघरात 'मर्द असशील तर आजपासून बंद कर' असं म्हणतात. खूप दिवस रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यापुढच्या एकदोन दिवसांत भास, बडबड, ताप, भिंतीवर किडे दिसणं असलं सुरू होऊ शकतं, आणि त्यात जीवही जातो. तिथं काउन्सेलिंगचा काही उपयोग नाही, तिथं हॉस्पिटल लागतं, औषधं लागतात, बी-वन व्हिटॅमिन लागतं. दादाला अॅडमिट केलं, आठवड्याभरात माणूस माणसात आला, चेहऱ्यावरची सूज उतरली, जेवायला लागला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तेव्हा डॉक्टर म्हणाले, शरीरातली दारू काढली, ते सोपं काम होतं, आता पुढचं त्या समोरच्या केबिनमध्ये.

समोरच्या केबिनमध्ये एक काउन्सेलर मॅडम होत्या, माझ्यापेक्षाही लहान असतील. दादाचा चेहरा असा की चला, आता भाषण ऐकायचं. लिव्हर, बायकापोरं, समाजात इज्जत, हे सगळं त्याला पाठ होतं, आम्हीच पाठ करून घेतलं होतं. मॅडमनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला, मधे उभी रेघ मारली आणि विचारलं, "दारूनं तुम्हाला काय काय दिलं, ते आधी लिहू या."

वहिनी ताडकन म्हणाली, "काय दिलं म्हणजे? वाटोळं केलं!"

"ताई, तुमचं ऐकायचंय मला, नंतर सगळं ऐकणार आहे. आत्ता त्यांना बोलू द्या."

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, झोप लागते. मग म्हणाला, मित्रांत बोलता येतं, एरवी मला चार लोकांत सुचत नाही. मग, कुणी काही बोललं तर लागत नाही. मॅडम लिहीत गेल्या, ना मान हलवली ना चेहरा वाकडा केला. डावीकडची बाजू भरल्यावर त्यांनी पेन त्याच्याच हातात दिलं, उजवीकडचं तुम्ही लिहा. आणि आम्ही इतकी वर्षं जे ओरडून ओरडून सांगत होतो ते त्यानं स्वतःच्या अक्षरात, थरथरत्या हातानं, एकेक करून लिहिलं. वर एक असं लिहिलं जे आम्हाला माहीतच नव्हतं, 'पोरगी माझ्याजवळ झोपत नाही, वास येतो म्हणते'.

नंतर मी यावर बरंच वाचलं. ही काही त्या मॅडमची शक्कल नव्हती, विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली या पद्धतीवर पहिल्यांदा लिहिलं आणि पुढे स्टीफन रोलनिकबरोबर ती नीट बांधली. तिचा गाभा आपल्या घरातल्या अनुभवाशी शंभर टक्के जुळतो. व्यसनी माणसाच्या आत दोन्ही बाजू आधीपासून असतात, सोडावी ही पण आणि सोडू नये ही पण. तुम्ही 'सोड' या बाजूनं जोर लावला की तो आपोआप दुसऱ्या बाजूचा वकील होतो, 'एवढी काय पितो मी, तो अमक्या बघ'. १९९३ साली मिलरनंच एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असं दिसलं की समोर बसलेला थेरपिस्ट जितका तोंडावर बोलून, पुरावे फेकून भांडत होता, तितकं तो पेशंट वर्षभरानंतर जास्त पीत होता. हे वाचून मला आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या सगळ्या रात्री आठवल्या आणि हसावं की रडावं कळेना.

तर झोप. 'झोप लागते' हे आम्ही सोडून दिलं होतं, मॅडमनी नाही सोडलं. झोप कधीपासून लागत नाही? आणि मग पुढच्या कुठल्यातरी भेटीत ते बाहेर आलं, मी तिथं नव्हते, दादानंच मला नंतर गाडीवर मागे बसून सांगितलं, कदाचित माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून. व्हीएमसीवर येण्याआधी तो प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, होता, आणि शेजारच्या पॉवर प्रेसवरच्या मित्राची दोन बोटं गेली. पुण्याच्या त्या पट्ट्यात ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. बोटं रुमालात गुंडाळून रिक्षात घेऊन जाणारा आमचा दादा होता. त्या रात्री मित्रांनी त्याला बसवलं, 'घे, झोप लागेल', आणि लागली. घरी त्यानं एवढंच सांगितलं होतं की कंपनीत एकाला लागलंय.

गंमत म्हणजे दारूनं लागणारी झोप ही झोपच नसते धड, डोळा पटकन लागतो पण मध्यरात्रीनंतर ती तुकड्यातुकड्यांची होते, मग सकाळी शरीर आंबलेलं, मग चिडचिड, मग संध्याकाळी परत तेच औषध. मॅडमनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, कारण गोळ्या लिहून देणं हे काउन्सेलरचं काम नाही, ते डॉक्टरांचं. ते म्हणाले काही आठवडे दारूशिवाय जाऊ देत मग बघू, कारण बरीचशी उदासी दारूचीच असते आणि ती बंद झाल्यावर ओसरते. त्याची ओसरली नाही. मग डिप्रेशनची गोळी सुरू झाली आणि तिकडे बोलणंही चालू राहिलं. आमच्या आईला हे पटायला वेळ लागला, 'आधी दारू, आता गोळ्या, म्हणजे बदललं काय'. मॅडम आईला म्हणाल्या, "काकू, तुम्ही बीपीची घेता ना रोज?" आईनं त्यावर काही उत्तर दिलं नाही, पण बोलायची थांबली.

लोकांना वाटतं काउन्सेलिंग म्हणजे कोचावर पडून बालपण आठवायचं. दादाचं निम्मं काउन्सेलिंग म्हणजे वेळापत्रक होतं हो. पाच वाजता शिफ्ट सुटते, कंपनीपासून घरापर्यंत कुठला रस्ता, त्यावर वाइन शॉप कुठं, कोण मित्र कुठल्या टपरीवर उभा असतो, खिशात किती पैसे असतात, भूक लागलेली असते का. भुकेचं ऐकून आम्हाला हसू आलं होतं, पण रिकाम्या पोटी पिण्याची ओढ जास्त होते हे त्यालाच जाणवलं होतं, मग बॅगेत शेंगदाण्याचे लाडू ठेवायला सुरुवात झाली. रस्ता बदलला, थोडा लांबचा पडायचा. पगार वहिनीच्या खात्यात वळवला, तेही त्यानंच सुचवलं म्हणून. आणि बुधवारी संध्याकाळी फॉलोअपच्या ग्रुपला जायचं, म्हणजे जी वेळ सगळ्यात अवघड तीच तिकडे बांधून टाकली. (हरिपाठवाल्यांचं गणित यापेक्षा फार वेगळं नव्हतं असं माझं मत आहे, दादाला ते फारसं पटत नाही.)

आणि नाही म्हणायची प्रॅक्टिस. ही एक मी बघितली, फॅमिलीला बोलावलं होतं तेव्हा. मॅडम झाल्या मित्र, "काय राव, पोराचं बारसं आहे माझ्या, एक घोट घेतला तर काय मरतोस का, माझी शपथ आहे तुला." एवढ्या सुसंस्कृत बाईच्या तोंडून 'काय राव' ऐकून वहिनी पदर तोंडात धरून हसत होती. दादा आधी म्हणाला, आज नको. मॅडम लगेच, "मग उद्या बसू!" तो अडकला. मग म्हणाला, अॅसिडिटी झालीय. "अरे सोडा मिसळ!" तो परत अडकला. शेवटी म्हणाला, "मी सोडलीय. परत विचारू नको." हे वाक्य त्याला चार लोकांत म्हणता येईपर्यंत पुष्कळ दिवस गेले.

आता वहिनीबद्दल. मला विचाराल तर त्या केबिनमध्ये सगळ्यात जास्त कुणी बदललं असेल तर ती. इतकी वर्षं ती कंपनीत फोन करून सांगायची, ताप आलाय यांना. उधारी ती फेडायची, उलटी ती पुसायची, सासरच्यांना 'ते लवकर झोपलेत' ती सांगायची, बाटली लपवायची, किती प्यायलेत ते खुणा करून मोजायची. तिचा अख्खा दिवस त्याच्या दारूभोवती फिरत होता, म्हणजे एका अर्थी व्यसन दोघांना होतं, फक्त नशा एकालाच यायची. तिला कुणी 'तुझं चुकलं' म्हटलं नाही. तिला विचारलं, तुम्ही शेवटच्या स्वतःसाठी बाहेर कधी गेला होतात? तिला आठवेना, आणि ती जी रडली ती बराच वेळ. मग हळूहळू ठरलं की कंपनीला फोन तो स्वतः करणार, त्याची उधारी त्याची, आणि त्यानं हात उचलला तर कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, तेही लिहून ठेवलं.

पुण्यात हे शहाणपण नवीन नाही. डॉ. अनिल अवचटांनी गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर, लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. काम उभं केलं ते मुख्यतः डॉ. अनिता अवचटांनी, त्या तिथंच मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली त्या कॅन्सरनं गेल्या, पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकरांनी ते सांभाळलं. तिथं पेशंटच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट आहे, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते होतात. गर्दची टर्की, म्हणजे ती बंद केल्यावरचा त्रास, भोगलेला माणूस समोर बसून 'मलाही असंच वाटायचं' म्हणतो, तेव्हा त्याला थापा मारायची सोयच राहत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ पासून याच गोष्टीवर चाललंय, तिथं तर काउन्सेलरही नाही, फीही नाही, पिणं सोडू पाहणारी माणसं एकमेकांना ऐकतात एवढंच.

पण एवढी केंद्रं आणि एवढे मानसतज्ज्ञ आपल्याकडे आहेत कुठं? एम्सच्या लोकांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळाला होता. म्हणून मला गोव्यातलं 'संगात' या संस्थेचं काम फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या माणसांना ट्रेनिंग दिलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं. ज्यांचं पिणं हाताबाहेर चाललंय पण अजून पूर्ण आहारी गेलेले नाहीत अशा पुरुषांशी जास्तीत जास्त चार भेटी, अर्ध्यापाऊण तासाच्या, ज्याचा पाया तोच मिलरचा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला, ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी काउन्सेलिंग मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, न मिळालेल्यांत २६ टक्के. पहिल्यांदा वाचून मला वाटलं, हॅ, एवढंच? मग वाटलं चार भेटी, साधी माणसं, सरकारी दवाखाना, आणि दर शंभरात दहा घरं जास्तीची. शिवाय वर्षभरानंतर बघितलं तर फरक आणखी वाढलेला होता, ५४ आणि ३२.

काउन्सेलिंगच्या नावाखाली काय काय चालतं तेही लिहायलाच हवं. आमच्या नात्यातल्या एकाला एका केंद्रात टाकलं होतं, 'टाकलं' हाच शब्द बरोबर आहे, रात्री चार माणसं गाडी घेऊन आली आणि उचलून नेलं. आत मारहाण, जेवणावरून शिक्षा, घरी फोन नाही. बाहेर आला आणि त्याच दिवशी प्यायला, आणि आता कुठल्याही केंद्राचं नाव काढलं की घर सोडून जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजारही धरलेले आहेत आणि पेशंटला माणसासारखं वागवायचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलाय, पण उचलून न्यायला बोलावणाऱ्या घरच्यांना कायदा वाचायची शुद्ध कुठं असते. त्यांना परत तेच हवं असतं, आपल्याला काही बोलावं न लागता तो सरळ होऊन यावा. त्या भिंतीवरच्या जाहिरातीत आणि या गाडीत मला तरी फार फरक दिसत नाही.

दादा परत प्यायला का? हो. मित्राच्या लग्नात, वरातीत. आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी तोंड दाखवायची इतकी लाज वाटली की तो परत प्यायला. पिणं पुन्हा सुरू होण्यामागचं हे चक्र अॅलन मारलॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं फार बारकाईनं मांडलंय, घोट पडला की 'गेलं सगळं, मी असलाच' असं वाटतं आणि त्या वाटण्यामुळेच पुढची बाटली उघडते. वहिनीनं भांडण केलं नाही, मॅडमना फोन लावून दादाच्या हातात दिला. तिकडून आवाज चढला नाही की उतरला नाही, फक्त विचारलं वरातीत तुम्ही किती वाजता गेलात, शेजारी कोण होतं, जेवला होतात का? बुधवारी या, तेच घेऊन बसू. तो गेला. त्यानंतरही एकदा घसरला, पण त्या वेळी फोन त्यानं स्वतः केला, आणि तोही पहिल्या क्वार्टरनंतर, तिसऱ्या दिवशी नाही.

हल्ली वहिनीला बिल्डिंगमधल्या, माहेरच्या बायकांचे फोन येतात. प्रश्न एकच असतो, सगळं खरं हो, पण ते यायलाच तयार नाहीत, काय करू. वहिनी आधी विचारते मारतात का, मारत असतील तर ती गोष्ट वेगळी आणि ती आधी. मग १४४१६ नंबर देते, टेलिमानस, सरकारचा, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीचा वेगळा १४४४६ पण देते. तरीही पलीकडची म्हणते, अहो पण ते फोन नाही करणार.

"त्यांनी नाहीच करायचा," वहिनी म्हणते. "तू कर. आणि त्यांना सांगून कर."